सुई दिसेल अशी फरशी

त्या दुपारी पाऊस नुसता नावाला होता... भुरभुर, भुरभुर, रस्त्याची धूळ बसेल इतकाच. फरशीच्या दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. काका घरी जेवायला गेले होते आणि त्यांची पुतणी टेबलाशी एकटीच बसून कोरा चहा पीत होती.

तिला सगळे 'पक्की' म्हणायचे. खोलीची लांबी-रुंदी सांगायचा अवकाश, ही पोरगी तोंडच्या तोंडी किती फरश्या, किती सिमेंट, किती वाळू ते सांगून मोकळी. आणि काम संपलं की फरशी ना कमी पडायची, ना ढिगाने उरायची. "आमच्या पक्कीचा हिशोब म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. लग्नाचा हिशोब तेवढा कुठे जुळला नव्हता. तिशी उलटल्यावर तिने तो विषय गुंडाळून माळ्यावर टाकला होता, आणि खाली काढायचा तिचा अजिबात विचार नव्हता.

तर अशा वेळी तो आला. दारात त्याने पाय दोनदा पुसले. स्वतः ओलसर झालेला, पण शर्टाच्या आतून त्याने वर्तमानपत्राची घडी काढली ती मात्र कोरडी ठणठणीत. ती त्याने टेबलावर उलगडली. कात्रीने सरळ रेषेत कापलेला लांबट चौकोन, त्यावर खडूच्या खुणा.

"हे काय?" तिने विचारलं.

"खोली."

"हिचा शर्ट शिवायचाय का?"

तो ओशाळला. "सवय हो... टेलर आहे मी. माप घेतलं की हात आपोआप कागद कापायला लागतात. लांबी एकशे ऐंशी, रुंदी एकशे वीस."

"एकशे ऐंशी काय?"

"इंच."

"आमच्याकडे खोल्या फुटात असतात."

"आमच्याकडे माणसं इंचात असतात," तो म्हणाला, आणि तिला हसू आवरेना. बाई गं, किती दिवसांनी हसलो आपण, असंही तिला उगाच वाटून गेलं.

"म्हणजे पंधरा बाय दहा. दीडशे चौरस फूट." तिने कागदावरून बोट फिरवलं. "फूट बाय फूटची फरशी घेतलीत तर दोन्ही बाजूंना पुरी बसते. कुठे कापायलाच नको! इतकी शहाणी खोली मी जन्मात पाहिली नाही. रंग कोणता हवा?"

तो घुटमळला. मग म्हणाला, "सुई दिसेल अशी फरशी आहे का?"

तिने कप खाली ठेवला.

"आई आयुष्यभर खाली बसून काज-बटणं करत आली," तो सांगू लागला. "आमची फरशी जुनी, सांधे उघडे पडलेले. सुई हातातून निसटली की गेलीच सांध्यात. मग आई दोऱ्याला लोहचुंबक बांधून विहिरीत पोहरा सोडावा तशी मासेमारी करत बसायची. म्हणायची, एकदा तरी मला सुई दिसेल अशी फरशी करून दे रे. मी म्हणायचो, करू, करू... आता ती हॉस्पिटलमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात, पुढच्या आठवड्यात घरी न्या."

"अरे वा, बरं वाटलं वाटतं!"

"नाही," तो म्हणाला. "बरं वाटलं म्हणून नाही."

बाहेर पागोळी टपटपत होती. पक्कीने खुर्ची मागे सारली आणि टेबलाखाली बोट दाखवलं. "ही बघा. नमुना म्हणून माझ्या पायाखालीच मांडलीय, नुसती वाळूवर. दुधात निळीचा एक थेंब पडावा असा रंग आहे. एकही ठिपका नाही."

शिंप्याने कॉलरला खोचलेली सुई काढली आणि वरून सोडली. टिक... दोघं एकदम वाकली. डोक्याला डोकं लागता लागता राहिलं. सुई तिच्या चपलेजवळ लखलखीत पडली होती, आंधळ्यालाही दिसावी अशी.

"हीच," तो म्हणाला. सुईकडे पाहून म्हणाला की तिच्याकडे, ते काही पक्कीला नीट कळलं नाही.

ती घाईघाईने खुर्चीत बसली. "वेस्टेज म्हणून आम्ही वर दहा टक्के धरतो. काही फुटतात, काही कापण्यात जातात."

"आम्हीही शिवणीच्या आत कापड जास्त सोडतो. माया म्हणतात त्याला. माणूस सुटला तर उसवून मोठं करता येतं."

"किती सोडता?"

"माप पक्कं असलं तर थोडी. नसलं तर जास्त."

"आणि हे माप पक्कं आहे?"

"बाबांच्या टेपने घेतलंय. तीनदा."

आता इथे पक्कीने जे केलं ते तिने दुकानात पाऊल ठेवल्यापासून कधीच केलं नव्हतं. दहाऐवजी पाच टक्के धरले. कापायचं नाहीच तर उगाच दहा कशाला, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की, तीनदा माप घेणाऱ्या त्या माणसावर तिचा विश्वास बसला होता. दीडशेवर पाच टक्के म्हणजे एकशे साडेसत्तावन्न. दहा-दहाच्या खोक्यांत येतात, म्हणून सोळा खोकी. एकशे साठ फरश्या.

त्या आठवड्यात शिंपी रोज काही ना काही विचारायला आला. सिमेंट किती लागेल... सांध्यात भरायची पूड पांढरी घ्यावी की राखाडी... फोनवर विचारता आलं असतं हो सगळं! एक फरशी उशाशी धरून त्याने आईलाही दाखवून आणली होती. "काय म्हणाल्या?" पक्कीने विचारलं.

"म्हणाली, दुकानात कोण आहे ते सांग आधी. मी म्हटलं, हिशोब करणाऱ्या बाई आहेत. तर म्हणाली, मग इतक्यांदा कसला हिशोब करतोस?"

"मग? काय सांगितलंत?"

"सांगितलं... पूड राखाडी घ्यायचीय."

पक्कीने तोंड फिरवून पुडीची पिशवी शोधली. पिशवी समोरच होती.

आणि मग, आई घरी यायला जेमतेम दोन दिवस उरले असताना, तो आला तो पाय न पुसताच आत आला. चेहरा पांढराफटक.

"फरशी कमी पडली," तो म्हणाला.

"शक्यच नाही."

"मिस्त्री म्हणतो, खिडकीखाली अर्ध्या फुटाची पट्टी उघडी राहते. बाजूच्या भिंतीलाही राहते. आणि आई तिथेच... तिची खाट खिडकीखालीच आहे."

काकांना दुकान बघायला सांगून ती स्टीलची टेप घेऊन निघाली. वाटेत तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, आपला हिशोब चुकला, आणि चुकायचा तोही इथेच चुकावा!

खोली सुंदर दिसत होती, म्हणूनच ती उघडी पट्टी डोळ्यांत खुपत होती. मिस्त्री विडी विझवून म्हणाला, "ताई, आठ फुटल्या, ते माझ्या नावावर टाका. पण खोलीच मोठी आहे त्याला मी काय करू?"

तिने टेप लावली. साडेपंधरा फूट. रुंदी दहा फूट चार इंच. पुन्हा लावली. तेच.

"तुमची टेप आणा बघू," ती म्हणाली.

त्याने मशीनच्या खणातून टेप आणली. पिवळी, मऊ, आकडे पुसट झालेली कापडी टेप. पक्कीने ती खाली पसरली आणि शेजारी स्टीलची ठेवली. कापडी टेपचा साठावा इंच स्टीलच्या बासष्टाव्यापाशी येऊन थांबला. वर्षानुवर्षं माणसांच्या छातीभोवती, खांद्यांवरून ओढून ओढून ती बिचारी ताणली गेली होती.

शिंपी मटकन खाली बसला.

"बाबांची आहे," तो म्हणाला. "याच टेपने ते शिवायचे. मीही. एक कपडा कधी चुकला नाही माझा..."

"कसा चुकेल? माणसाचं माप त्याच टेपने, कापडाचंही त्याच टेपने. दोन्हीकडे सारखीच चूक, म्हणजे चूक नाहीच." ती त्याच्याशेजारी बसली. "फरशी मात्र कारखान्यातल्या फुटाने येते."

"आईने एक गोष्ट मागितली होती हो. आख्ख्या जन्मात एक. तीही मी आखूड केली."

"एकट्याने नाही," पक्की म्हणाली. "रोजच्यासारखे दहा टक्के धरले असते तर सतरा खोकी आली असती, आणि माप चुकूनसुद्धा पुरलं असतं. मी पाचच धरले. सगळ्यांना दहा आणि तुम्हाला पाच."

"का?"

ती टेप गुंडाळत राहिली. "किती लागतील अजून, मिस्त्री?"

"नऊ. नऊ मिळाल्या तर उद्या दुपारपर्यंत काम हातावेगळं."

नऊ फरश्या म्हणजे काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. पण फरशीचा एकेक लॉट भट्टीतून निघतो, आणि पुढच्या लॉटचा रंग काही केल्या तसाच येत नाही. त्या लॉटची उरलेली खोकी पक्कीने स्वतःच आदल्या आठवड्यात एका बांधकामवाल्याला विकली होती. काकांनी चार दुकानांत फोन फिरवले. नव्या लॉटची फरशी आणून शेजारी ठेवून पाहिली. ती पिवळट दिसत होती, निळीला विसरलेली.

"राहू द्या," शिंपी शेवटी म्हणाला. "जोड देऊ. कापड कमी पडलं की जोड दिसणार नाही अशा ठिकाणी देतात. खाटेखाली कोण बघतंय?"

"सुई कुठे पडते?" पक्कीने विचारलं.

दिवसभर खाटेवर बसणाऱ्या बाईची सुई खाटेखालीच पडणार, हे शिंप्याला कोणी सांगायला नको.

संध्याकाळी ती दुकानात परतली. खुर्चीत बसली, चपला काढल्या, आणि तळव्यांना गार लागलं तेव्हा तिची नजर खाली गेली... कपाळाला हात मारावा की हसावं तेच तिला कळेना. दिवसभर सगळं गाव पालथं घातलं आणि कळसा होता काखेत!

काका कुलूप घेऊन आले तेव्हा टेबल बाजूला सरकवलेलं, वाळू इकडेतिकडे, आणि पुतणी जमिनीवर बसून पहारीने फरश्या उचलत होती.

"अगं, हे काय उत्खनन चाललंय?"

"नमुन्याच्या बारा आहेत, काका. त्याच लॉटच्या. दोन तडकल्या काढताना."

"पक्के, दुकानाचा नमुना कोणी विकतं का?"

"विकत नाहीये. देतेय."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. बारा वर्षं ती त्याच जागी बसत होती, वर्षाला नमुने बदलत होते, खुर्ची तीच होती. ही पोर कधी कोणासाठी इतकी धुळीत बसलेली त्यांनी पाहिली नव्हती. ते गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि म्हणाले, "ती कोपऱ्यातली मी धरतो. तू हळू उचल."

दहा फरश्या गेल्या. एक मिस्त्रीने फोडली. नऊ बरोबर पुरल्या.

आई आली त्या दिवशी पक्की 'सांधे नीट भरलेत का ते बघायला' म्हणून तिथे होती. कारण चांगलं शोधलं होतं, फक्त कोणी विचारलंच नाही. दोघांनी धरून आईला खाटेवर टेकवलं. ती इतकी हलकी झाली होती की पलंगपोसालाही सुरकुती पडली नाही. बराच वेळ ती नुसती खाली बघत होती.

"सुई दे," ती म्हणाली.

मुलाने कॉलरची सुई दिली. आईने ती खाटेच्या कडेवरून सोडली. टिक...

"दिसली!" आई म्हणाली. "ती बघ, ती तिथे... दिसली की रे!" आणि ती लहान मुलीसारखी हसली. शिंप्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

मग आईच्या शिवणकामात मुरलेल्या डोळ्यांनी खिडकीखालची पट्टी हेरली. "हा जोड आहे ना? हिच्यावर खुर्चीच्या पायाचा ओरखडा आहे. कोणीतरी वापरलेलं उसवून इथे लावलंय."

मुलाने सगळं सांगितलं. टेपचं, पाच टक्क्यांचं, टेबलाखालच्या फरश्यांचं. आईने ऐकून घेतलं आणि त्याला चहा करायला पाठवलं. मग पक्कीचा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांना सुईने पडलेले घट्टे अजून तसेच होते.

"पोरी, माझ्या मुलाला सगळ्यांची मापं घेता येतात. मागता काही येत नाही. लहानपणी भूक लागली तरी ताटासमोर नुसता उभा राहायचा. तू त्याला आयतं देऊ नकोस हं. मागू दे त्याला एकदा तरी."

"आणि नाहीच मागितलं तर?" पक्कीच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर ती कानापर्यंत लाल झाली.

"मागेल," आई म्हणाली. "वेळ लावेल मेला. पण मागेल."

त्या फरशीवर आईने आणखी महिनाभर काढला. हात थरथरायचे, तरी मुलाच्या शर्टांना बटणं लावायची. सुई पडायची, सापडायची. पक्की एक दिवसाआड जायची, आता कारण न शोधता. आणि एका पहाटे आई गेली, झोपेतच. सुई उशीला खोचून ठेवलेली होती.

त्यानंतर शिंपी दुकानात आला नाही. पक्की दोनदा त्याच्या घरी जाऊन आली. तो चहा करायचा, दोघं खिडकीखाली बसायची, कप रिकामे व्हायचे. शब्द त्याच्या ओठांपर्यंत यायचा आणि परत फिरायचा. तिला वाटायचं, आपणच बोलून टाकावं, काय जातंय? मग तो गरम, घट्टे पडलेला हात आठवायचा. मागू दे त्याला. ती परत यायची, टेबलाशी बसायची. पायाखाली काकांनी आता तपकिरी ठिपक्यांच्या फरश्या मांडल्या होत्या, उरल्यासुरल्या. हिशोब ती पूर्वीसारखेच बिनचूक करायची, पण दारात कोणी पाय पुसले की ती आकडा हमखास विसरायची. तिसऱ्यांदा गेलीच नाही. आणखी किती थांबायचं, हे मात्र कुठल्याच टेपने मोजता येत नव्हतं. तिला भीती वाटत होती, अगदी खरीखुरी, की आईचा अंदाज चुकला.

आणि एका दुपारी कोणीतरी दारात दोनदा पाय पुसले.

"फरश्या परत करायच्या आहेत," तो म्हणाला. तो वाळला होता, पण दाढी केलेली होती, शर्टाला इस्त्री होती. "नऊ."

"उरल्या? कशा उरतील?"

"उरल्या नाहीत. तुमच्या आहेत. तुमच्या पायाखालच्या. दुसऱ्याच्या पायाखालची फरशी अशी ठेवून घेणं बरं नाही. पण मिस्त्रीला विचारलं, तर तो म्हणतो, आता उचकटल्या तर तुटतील."

"मग?"

"मग... फरश्या तर इकडे येत नाहीत..."

पक्कीला पुढचं वाक्य दिसत होतं, त्या दुधाळ फरशीवरच्या सुईसारखं लख्ख. उचलून त्याच्या हातात द्यावं असं तिला फार वाटलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि फक्त म्हणाली, "तर?"

"तर... तुम्ही तिकडे याल का?" तो म्हणाला. आणि मग बांध फुटल्यासारखा बोलत सुटला. "कायमच्या. मला तुम्ही आवडता. त्या पहिल्या दिवसापासून, हिचा शर्ट शिवायचाय का म्हणालात ना, तेव्हापासून. आईला कळलं होतं. मलाच तोंड उघडायला इतका उशीर झाला. खोली मी पुन्हा मोजलीय." त्याने खिशातून नवीकोरी स्टीलची टेप काढली आणि पुरावा दिल्यासारखी टेबलावर ठेवली. "साडेपंधरा बाय दहा फूट चार इंच. दोघांना पुरेल."

पक्कीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला तो पटकन पुढे वाकला, आणि त्याच्या कॉलरची सुई सुटून खाली पडली.

दोघं खाली बसली. तपकिरी ठिपक्यांत सुई कुठे गेली ते कळेना. तो इकडे हात फिरवतोय, ती तिकडे. बोटाला बोट लागलं आणि तिथेच राहिलं. इतक्यात काका जेवून परतले, आणि टेबलाखालून दोन डोकी वर आली.

"काय हरवलं?" काकांनी विचारलं.

"सुई," पक्की म्हणाली.

"मग, सापडली का?"

"नाही काका. या फरशीवर दिसतच नाही." तिने नाक ओढलं, डोळे पुसले, पण धरलेला हात सोडला नाही. "दिसते ती फरशी यांच्या घरी आहे. मी तिकडे जातेय."

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग हातातली छत्री भिंतीला टेकवून ठेवली.

"दहा टक्के धरून चल, पोरी," ते म्हणाले. "या वेळी पाच नको."